बुधवारचा उपवास

आमचे जावईबापू म्युनिकला असतात आणि वर्षातून एकदा, तीन आठवड्यांच्या रजेवर, अस्सल गोष्टी शोधायला भारतात येतात. पुण्यात जन्मलेल्या, पेठेत वाढलेल्या माणसाला अस्सल गोष्टी शोधायला परदेशातून परत यावं लागतं, यातच काय ते आलं. एका वर्षी त्यांनी अस्सल पैठणी शोधली आणि त्याच वर्षी लाकडी घाण्याचं अस्सल शेंगदाण्याचं तेलही शोधलं. दोन्ही एकाच बॅगेत गेली. तेलाची बाटली विमानात फुटली. लेक अजून त्या विषयावर बोलत नाही.

यंदा त्यांनी घरात पाऊल टाकतानाच जाहीर केलं, "बाबा, यंदा अस्सल खाणं शोधायचं. डोंगरातलं, घरगुती. आपण तिकडे खाल्लं तसं."

'तिकडे' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. परदेशी गेलेल्या आईबापांना पहिल्या आठवड्यात शहर दाखवतात, दुसऱ्या आठवड्यात कपडे धुण्याचं यंत्र कसं चालवायचं ते दाखवतात आणि तिसऱ्या आठवड्यात नातू हातात देऊन दोघं कामावर निघून जातात. त्या सुखाच्या पहिल्या आठवड्यात जावईबापूंनी आम्हांला मोटारीत घालून आल्प्सच्या कुशीतल्या एका खेड्यात नेलं. तिथे एक खानावळ होती. लाकडी घर, खिडक्यांत लाल फुलं, दारात एक सुस्त कुत्रं, आणि आत पणजोबांपासून चालत आलेली, घरी केलेली सॉसेजं.

सॉसेज म्हणजे काय, हे मला तोवर ऐकून माहीत होतं. मांस बारीक करायचं, मीठमसाला लावायचा आणि आतड्याच्या नळीत ठासून भरायचं. मग कोणी ते धुरावर धरतं, कोणी वाळवतं, कोणी उकडतं. एकदा गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीस नावाच्या लालभडक माळा टांगलेल्या पाहिल्या होत्या. डुकराचं मांस, मिरची आणि व्हिनेगर घालून केलेलं ते तिथलं सॉसेज. आमची सौ. माळकरी घराण्यातली. तिने त्या मिरच्यांच्या माळा समजून भाव विचारला होता आणि "रंग बघा कसा आहे, वर्षाच्या तिखटाला दोन माळा घेऊन टाकू," म्हणाली होती. बाईने खरं काय ते सांगितल्यावर सौ.ने पणजीला जाऊन आंघोळ केली.

तर त्या आल्प्सच्या खानावळीत आधी पांढरी सॉसेजं आली, गरम पाण्यात पोहत. त्या सॉसेजांनी दुपारच्या बाराचे ठोके ऐकता कामा नयेत असा तिकडे दंडक आहे. पूर्वी बर्फाच्या पेट्या नव्हत्या, सकाळी केलेलं दुपारच्या आत संपवावं लागे, म्हणून तो दंडक. आता घरोघर फ्रीज आले, पण दंडक राहिला. आपल्याकडे ग्रहण पाळतात तसंच. वरचं साल काढून आतलं तेवढं खायचं असतं, हे मला तिसरं सॉसेज सालासकट संपवल्यावर सांगण्यात आलं.

मग एक काळसर, जाड, तुकतुकीत सॉसेज आलं. जावईबापू म्हणाले, "ब्लुटवुर्स्ट." नाव सांगितलं, अर्थ सांगितला नाही. मी खाल्लं. मऊ होतं, खमंग होतं. अर्धं संपल्यावर अर्थ विचारला.

"रक्ताचं सॉसेज, बाबा. जनावर कापलं की रक्त धरायचं, त्यात चरबी, मीठ, मसाला घालून आतड्यात भरायचं."

माझा हात क्षणभर थांबला. मग मी आजूबाजूला पाहिलं. लाकडी भिंती, लाल फुलं, शेजारच्या टेबलावर टाय लावलेला एक म्हातारा तेच खात होता, तेही काट्याचमच्याने. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "वा! याला म्हणतात परंपरा. एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही!" आणि आणखी एक मागवलं. बिल किती झालं ते सांगत नाही. युरोचे रुपये करायचे नाहीत, अशी लेकीने शपथ घातली आहे.

ते वाक्य मात्र जावईबापूंनी लक्षात ठेवलं. सासऱ्यांची चांगली वाक्यं जावई लक्षात ठेवत नाहीत असा माझा समज होता. पण हे नेमकं ठेवलं.

*

अस्सल डोंगरी खाण्यासाठी येरमाळा सुचवलं ते सौ.ने, आणि तिच्या मनात खाणं नव्हतंच. लेकीच्या लग्नाच्या वेळी येडेश्वरीला बोललेला नवस बारा वर्षं थकला होता. देवी व्याज लावत नाही म्हणून बरं. शिवाय येरमाळा म्हणजे माझं लहानपण. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. १९७१ ते १९७३ अशी तीन वर्षं आम्ही तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. पुढे बदली झाली आणि गाव सुटलं ते सुटलंच.

"मंगळवारी आणि शुक्रवारी देवीला गर्दी असते, पौर्णिमेला तर उभं राहायला जागा मिळत नाही. आपण बुधवारी जाऊ," सौ. म्हणाली. तेव्हा त्या वारात मला काही वावगं दिसलं नाही.

टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी असे आम्ही निघालो. पूर्वी कुर्डुवाडीहून बार्शी लाइटची छोटी गाडी धरावी लागे. ती इतकी सावकाश चाले की पुढच्या डब्यातला माणूस खाली उतरून, शेतातल्या शेंगा उपटून, मागच्या डब्यात चढतो असं लोक सांगत. आता तिथले रूळ रुंद झाले, गाड्या पळायला लागल्या आणि शेंगा शेतातच राहिल्या. बार्शी सोडली की रस्ता बालाघाटच्या डोंगरांत चढायला लागतो. आल्प्स पाहून आलेल्या माणसाने याला डोंगर म्हणावं की नाही, असा विचार जावईबापूंच्या चेहऱ्यावर दिसत होता. बालाघाटला बर्फ नाही, झाडीही बेताचीच. उन्हाळ्यात तो म्हाताऱ्या बैलासारखा फासळ्या दाखवत पडून असतो. पण ज्याने त्याच्या अंगाखांद्यावर बोरं वेचली आहेत, त्याला तो डोंगरच.

जिल्ह्याची पाटी आली. "धाराशिव" वाचून जावईबापूंनी विचारलं, "उस्मानाबाद कुठे गेलं?" मी सांगितलं, "२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं." तेवढ्यात रस्त्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. काळ्याभोर, लांब कानांच्या, बहुतेकींच्या मागे जुळी करडं. "ही उस्मानाबादी शेळी. हिचं नाव मात्र बदललं नाही," मी म्हणालो. देशभर या नावाने ओळखली जाणारी ती जात. सरकारदरबारी तिला अजून कोणी पाटी लावलेली नाही.

येडेश्वरीचं देऊळ गावाबाहेर डोंगरावर आहे. पायऱ्या चढताना माझ्या लक्षात आलं, की लहानपणी त्या बऱ्याच कमी होत्या. चैत्री पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. देवीची पालखी आमराईत उतरते आणि लाखो माणसं रानातले चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. नवस फेडून सौ. प्रसन्न झाली आणि जावयाला देवीची कथा सांगू लागली. राम सीतेला शोधत रानोमाळ हिंडत होता. त्याची परीक्षा पाहावी म्हणून पार्वती सीतेचं रूप घेऊन समोर उभी राहिली. रामाने पाहताक्षणी ओळखलं आणि म्हणाला, "आई, तू वेडी का गं?" म्हणून ती येडाई, येडेश्वरी.

"रूप बदललं तरी त्याने ओळखलं," सौ. म्हणाली. "सगळ्यांना थोडंच जमतं!"

हे वाक्य ती जावयाकडे बघून बोलली. ते लागायचं होतं दुसऱ्यालाच.

*

हॉटेल आधीच ठरलेलं होतं. जावईबापूंच्या कुठल्याशा मित्राने सांगितलं होतं, की सोलापूर-धुळे रस्त्यावर, डोंगराच्या उतरणीला, पत्र्याचं एक हॉटेल आहे आणि तिथलं घरगुती मटण खायला लोक लांबून येतात. 'घरगुती' हा शब्द मला नेहमी कोड्यात टाकतो. घरी जेवायला बसलं की माणूस म्हणतो, अगदी हॉटेलसारखं झालंय. आणि हॉटेलात पैसे मोजताना म्हणतो, अगदी घरच्यासारखं होतं. एकदा घर आणि हॉटेल यांनी आपसात बसून काय ते ठरवून टाकावं.

पत्र्याखाली बाजा टाकलेल्या होत्या, चार टेबलं होती. दारात कुत्रंही होतं, आल्प्समधल्याइतकंच सुस्त. या बाबतीत जग एक आहे. मालक तिशीतला तरुण. खांद्यावर पंचा, कानाला मोबाइल. आम्ही बसल्याबरोबर त्याने पाण्याचा जग आणला आणि विचारलं, "काय देऊ?"

जावईबापूंनी थेट मुद्द्याला हात घातला. "तुमच्याकडे सॉसेजसारखं काही असतं का?"

"सॉस हाय की. लाल बी हाय, हिरवा बी हाय."

"सॉस नाही हो, सॉसेज. म्हणजे आतड्यात मांस भरून..."

"आतडी हाय," मालक म्हणाला. "भरल्याली न्हाई, कापल्याली हाय. वजडी म्हनत्यात आमच्याकडं."

आणि त्याने एका दमात यादी म्हणून दाखवली: सुकं मटण, काळ्या रश्शाचं मटण, खिमा, मुंडी, वजडी, रक्ती.

"रक्ती म्हणजे?" जावईबापूंनी विचारलं.

"बकऱ्याचं रगात. मीठ टाकून धरायचं, थिजलं की वड्या पाडायच्या, उकडायच्या, आन कांदा-मिरचीत परतायच्या."

जावईबापू खुर्चीतून उठलेच. "बाबा! ब्लुटवुर्स्ट!"

मी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिलो.

सौ.साठी दहीभात आणि शेंगदाण्याची चटणी सांगितली. तिला जेवणाची चिंता नव्हती. वाटेत घ्यायचे कुंथलगिरीचे पेढे तिने आधीच मनात मोजून ठेवले होते. इथून जवळच कुंथलगिरी, जैनांचं मोठं तीर्थ, आणि त्या बाजूचा खवा आणि पेढे सगळीकडे नावाजलेले. एकाच डोंगररांगेत एका अंगाला अहिंसेचं क्षेत्र आणि दुसऱ्या अंगाला वजडीचं हॉटेल. बालाघाटने दोघांनाही कधी ऊठ म्हटलेलं नाही.

जावईबापू स्वयंपाकघर बघायला निघाले. अस्सल गोष्ट बघितल्याशिवाय खायची नाही, असा त्यांचा नेम आहे. मला ओढतच नेलं. मागे चुलीपाशी सत्तरीच्या घरातली एक बाई बसली होती. मालकाची चुलती. तिच्यासमोर घमेल्यात वजडी होती. कोमट पाण्यात बुडवायची, चुना लावून खरवडायची, पुन्हा धुवायची, उलटी करायची, पुन्हा धुवायची. पांढरीशुभ्र होईपर्यंत हे चालायचं. मग हळद लावून उकडायची. शेजारी पाट्यावर येसूर होता. बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, काळा मसाला घालून केलेलं पीठ. ते रश्शात पडलं की रस्सा घट्ट होतो आणि वास शिवारभर जातो. मराठवाड्यात लग्नाच्या आमटीलाही येसूर लागतो. आमच्या आईच्या हातच्या आमटीला तो वास कधीच येत नसे. तिचा येसूर दुकानातून यायचा.

जावईबापूंनी मोबाइल काढून फोटो घेतले. बाई म्हणाली, "फोटू कशाला? धुनं हाय ते. मानसं वजडी खात्यात दहा मिनटं, आन धुनाराची सकाळ जाती."

"मावशी," जावईबापू भारावून म्हणाले, "ही फार मोठी परंपरा आहे. आमचे बाबा म्हणतात, एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, ही खरी परंपरा!"

माझं वाक्य. माझ्यासमोर. येरमाळ्यात.

बाईने हात धुतले, पदराला पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "परंपरा कसली, साहेब? मांडी आमच्यापतुर येतच नव्हती. जे येत व्हतं ते वाया घालून चालतंय का?"

*

टेबलाशी येऊन बसलो तेव्हा मी दहा वर्षांचा झालो होतो.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. शाळेत सुकडी मिळायची. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी जनावरंही विचार करून खात. गावातले बापे आणि बाया खडी फोडायला जात. वडिलांचा पगार चालू होता म्हणून आमचं बरं होतं.

बाकावर माझ्या शेजारी जो बसायचा, त्याचं नाव सांगत नाही. त्याला आवडणार नाही. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. तो माझी गणितं सोडवायचा, मी त्याला निबंध सांगायचो. मी सांगितलेल्या निबंधाला त्याला माझ्याहून जास्त गुण पडायचे, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. चौथीच्या शिष्यवृत्तीत तो आला, मी राहिलो. त्याची आई खडी फोडायला जायची. तिने निरोप पाठवला, "मास्तरच्या पोराला जेवायला आन. त्यानं शिकिवलं म्हनून पास झालास."

आमच्या घरी मटण वर्ज्य नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. दुष्काळाआधी रविवारी वडील स्वतः पिशवी घेऊन जायचे आणि "मांडीचं द्या" म्हणायचे. बकऱ्याला मांडीखेरीज आणखी काही असतं, हे आमच्या घरात कोणाला मान्यच नव्हतं. उरलेलं बकरं कुठे जातं, हा प्रश्न आम्हांला पडत नसे. ते ओढ्यापलीकडे जायचं.

त्या दिवशी गावात कोणाची तरी कंदुरी होती. मी सोबत्याच्या घरी गेलो. सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल, वळणीवर वाळत घातलेल्या मांसाच्या मीठ लावलेल्या पट्ट्या. त्यांना चान्या म्हणतात, हे मला पुढे कळलं. त्याच्या आईने पितळीत भाकरी वाढली, शेजारी काळसर वड्या वाढल्या. मी सोबत्याला हळूच विचारलं, "काय आहे?" तो अभिमानाने म्हणाला, "रक्ती."

घरी कोणी मला तिथे खाऊ नको, असं सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नसे. काही गोष्टी मुलांना न सांगता येतात, जसं पोहायला येतं म्हणतात तसं. मी उभाच राहिलो आणि म्हणालो, "माझा उपवास आहे."

सोबती म्हणाला, "बुधवारचा कसला उपवास?"

त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, "पांडुरंगाचा आसंल. देवाचं हाय, त्याला कशाला इचारतोस?" आणि पितळी उचलून तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो मात्र मी खाल्ला. गूळ उपवासाला चालतो.

घरी आल्यावर मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

*

"बाबा, गार होतंय," जावईबापू म्हणाले.

समोर दोन थाळ्या आल्या होत्या. ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा, वजडी आणि रक्ती. ब्लुटवुर्स्ट ज्या आत्मविश्वासाने खाल्लं होतं, तो आता कुठे सापडेना. इथे खिडक्यांत लाल फुलं नव्हती आणि टाय लावलेला म्हाताराही नव्हता. म्हातारा म्हणून मीच होतो. पाहायला गेलं तर पदार्थ तोच. बर्फाची पेटी नसताना जनावराचा कणही वाया जाऊ नये म्हणून जगभरच्या गरिबांनी हेच केलं. सॉसेज या शब्दाचं मूळच लॅटिनमधल्या 'खारवलेलं' या अर्थाच्या शब्दात आहे. वळणीवरच्या त्या चान्याही खारवलेल्याच होत्या. तिकडे आतड्यात भरलं म्हणून रूप बदललं, एवढंच. रामाने पाहताक्षणी ओळखलं होतं. मला आल्प्सपर्यंत जाऊन, युरो मोजून, दोन सॉसेजं संपवूनही ओळखता आलं नाही.

याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक २०१५ मध्ये निघालं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते त्यात सविस्तर लिहिलेलं आहे. आपण लहानपणापासून 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणत पहिला घास घेत आलो. त्यातलं एक अक्षर कोणाच्या पानातून राहून गेलं होतं, ते या नावात कळतं. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आलं, म्हणजे आता आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यातही शोभून दिसेल.

मी भाकरीचा तुकडा मोडला, रक्तीची वडी घेतली, खाल्ली. मऊ होती, खमंग होती. कांदा करपू न देता परतलेला. मीठ बेताचं. मग मोबाइल काढला.

सोबती बँकेतून निवृत्त होऊन लातूरला असतो. शाळेच्या ग्रुपवर आम्ही रोज सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतो. प्रत्यक्ष बोललेलो मात्र चार वर्षांत नाही. फुलं पाठवायची सोय झाल्यापासून बोलायची गरज राहिलेली नाही.

"कुठून बोलूलालास?" त्याने विचारलं.

"येरमाळ्याहून."

"तिथं काय करूलालास?"

"रक्ती खातोय."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं, डोंगरात रेंज गेली.

मग तो म्हणाला, "कशी झालीय?"

"चांगली आहे. पण तुझ्या आईच्या हातची कशी होती, ते मला माहीत नाही. म्हणून फोन केला."

"मला तरी कुठं आठवतंय आता?" तो म्हणाला. "डाक्टरनं पंधरा वर्षं झाली सगळं बंद केलंय. सूनबाई पनीर करती. खोडरबर चावल्यासारखं वाटतंय." आम्ही दोघं हसलो. मग तो सावकाश बोलायला लागला. "त्या दिवशी आईनं ज्वारीचं पीठ उसनं आणलं होतं. मास्तरचं पोरगं मिलोची भाकर खाणार न्हाई म्हणून. आमच्या घरात त्या महिन्यातली ती पहिली ज्वारी. तू गेल्यावर ती भाकर मीच खाल्ली. लई दिवस मला वाटायचं, गड्यानं उपवास धरला ते बरंच झालं."

मी काही बोललो नाही. बोलायला होतंच काय?

"आई मात्र शेवटपर्यंत इचारायची," तो पुढे म्हणाला. "मी सुट्टीला गावी गेलो की बुधवारी हमखास. 'तुझा त्यो सोबती आजून धरतोय का रं बुधवार?' म्हणायची. चेष्टेनं म्हणायची का खरंच, मला कधी कळलं न्हाई. मी म्हणायचो, धरतोय. तिला बरं वाटायचं."

सौ. दहीभात कालवायची थांबली होती. जावईबापूंनी मोबाइल खिशात ठेवला होता. ते एकही फोटो काढत नव्हते, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

"मला त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"राहू दे रे," तो म्हणाला. "दहा वर्षांचा होतास. मी तरी सगळं कुठं खरं बोलतोय? माझ्या नातवाला मी आजपतुर चान्या म्हणजे काय ते सांगितलं न्हाई. तो इंग्रजी शाळेत हाय." आणि मग एकदम म्हणाला, "आज वार कोणता रे?"

मी सौ.कडे पाहिलं. मंगळवारची आणि शुक्रवारची गर्दी टाळून तिनेच दिवस ठरवला होता.

"बुधवार," मी म्हणालो.

तो इतक्या जोरात हसला की सौ.लाही ऐकू गेलं. दारातलं कुत्रंसुद्धा मान वर करून बघायला लागलं.

"मग मोड की आता," तो म्हणाला. "पन्नासाच्या वर वर्षं झाली. इतका मोठा उपवास पांडुरंगाला बी झेपायचा न्हाई."

मी मालकाला हाक मारली आणि आणखी एक भाकरी मागवली.